कमरेचा करकोचा



नाडी घट्ट बांधल्याने कमरेवर पडणारा करकोचा आपण दुखण्यात मोजीत नाही. परकराची नाडी असो, लुगड्याची गाठ असो की धोतराचा काच असो. वर्षानुवर्षे एकच जागा काचली की तिथली कातडी जाड होते, तिचा रंग जातो. पुष्कळांचे तेवढ्यावरच भागते. पण काहींना तिथे जखम होते. ती भरते, पुन्हा काचते, पुन्हा उघडते. आणि क्वचित अशा जुनाट जखमेतून कातडीचा कर्करोग उद्भवतो.

हे काही आजचे खूळ नव्हे. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी एका सहकाऱ्यासह १९४५ सालीच धोतराच्या काचाने होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. पुढे २०२४ साली वर्ध्याच्या व बिहारमधील मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन वयस्क स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. एकीची जखम दीड वर्षाची, दुसरीची दोन वर्षांची!

दोन वर्षे ती कोणालाच कशी दिसली नसेल? अहो, कमर झाकलेली आणि बाई संकोची. हळद भरायची, मलम लावायचे आणि कामाला लागायचे, ही आपली रीत. कातडीचा तज्ज्ञ बसतो जिल्ह्याच्या गावी. मग पाहणार कोण? जी घरापर्यंत येते ती! आशाताई किंवा उपकेंद्रातल्या नर्सबाई रक्तदाब पाहायला आल्या, की त्यांनी आडोशाला नेऊन विचारावे, “आजी, नाडीच्या जागी काही चिघळलंय का?”

चार आठवड्यांत न भरलेली जखम, उचललेल्या टणक कडा, हात लागताच येणारे रक्त, जांघेतली गाठ. यांपैकी एक जरी दिसले तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. अशी प्रत्येक जखम कर्करोगाची नसते, म्हणून भीती घालू नये. रोगाचे नाव ठरवणे हे आशाताईंचे काम नव्हेच. जखमेचा लहानसा तुकडा तपासल्यावाचून डॉक्टरही ते ठामपणे सांगत नाहीत. पाहणे आणि पाठवणे, एवढेच त्यांचे काम. पण त्यांच्यावाचून पुढचे काही सुरूच होत नाही.

आणि गुरुजी, पालकसभेत तुम्हीही दोन शब्द सांगा. नाडी सैल बांधावी, ती रुंद पट्टीची असावी, बांधण्याची जागा अधूनमधून बदलावी. रोग लवकर सापडला तर बहुधा तेवढा भाग कापून काढता येतो. जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला, म्हणजे मग काम अवघड होते. म्हणून आज घरी गेल्यावर आपल्या आईला एवढे विचाराच.