आगीचं कारण



अमेरिकेत गावोगावच्या सरकारी शाळांचा कारभार बहुतेक ठिकाणी मतदारांनी निवडलेलं मंडळ पाहतं. अंदाजपत्रक, इमारती, मुख्य अधिकाऱ्याची नेमणूक, सगळं त्याच्या हाती. अशा निवडणुकीत अपंग उमेदवार उभा राहिला की ‘जिद्द’ हा शब्द हमखास येतो. मला तो अपुरा वाटतो. जिद्द कुणाकडेही असू शकते. अपंगत्वातून येते ती कारभाराची जाण, आणि मत मागावं ते तिच्या बळावर.

ज्युडिथ ह्यूमन यांचंच पाहा. त्या मंडळाच्या उमेदवार नव्हत्या. मंडळाशी त्यांना भांडावं लागलं. जन्म १९४७चा, दीड वर्षाच्या असताना पोलिओ. पाच वर्षांची ही मुलगी ब्रुकलिनच्या शाळेत गेली, तेव्हा चाकाच्या खुर्चीमुळे आगीच्या वेळी धोका होईल म्हणून तिला परत पाठवलं. मग घरी शिक्षिका येई, आठवड्याला जेमतेम अडीच तास. पदवी घेऊन १९७० साली त्या स्वतः शिक्षिका व्हायला निघाल्या, तर न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळानं पुन्हा तेच आगीचं कारण काढलं. लेखी, तोंडी परीक्षा उत्तीर्ण. वैद्यकीय तपासणीत नापास! त्या कोर्टात गेल्या आणि परवाना मिळवला.

दोष इमारतीचा, शेरा मात्र मुलीच्या नावावर. असा शेरा झेललेला माणूस मंडळात बसला, तर नव्या शाळेचा नकाशा समोर येताच तो दार, जिना, शौचालय आधी पाहील. बाकीच्यांना ते सुचत नाही. त्यात दुष्टावा नसतो, गरज पडलेली नसते इतकंच.

१९७७च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत शंभरावर लोकांनी जवळजवळ चार आठवडे ठिय्या दिला. नेतृत्व करणाऱ्यांत ह्यूमनही होत्या. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांनी अपंगांना डावलू नये, हा कायदा १९७३चा. नियमच निघत नव्हते. इमारतीचे फोन तोडले गेले, तेव्हा कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीतून खुणांच्या भाषेत बाहेर निरोप पोचवले. ऐकू येणाऱ्यांना हे साधलं नसतं. २८ एप्रिलला नियमांवर सही झाली.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण जागा पालकांना दिल्या. २०१२च्या दुरुस्तीनं अपंग मुलं वंचित गटात आली, म्हणून त्यांच्या पालकांना समितीत प्रमाणशीर स्थान आहे. पालकांना; स्वतः अपंग असलेल्या माणसाबद्दल ते कलम काही बोलत नाही. आपल्या शिक्षणसंस्थांच्या घटनाही बोलत नसाव्यात. येत्या सर्वसाधारण सभेत उमेदवारांची यादी लागेल. ती सभा कोणत्या मजल्यावर आहे, हे आधी विचारा.