शेळीचा ताप आणि डॉल्फिनचं रक्त

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही समुद्रातल्या डॉल्फिनच्या एका दुखण्याचं नातं इथल्या शेळ्यांच्या वाड्याशी लागतं.

काळीभोर, एका वेताला बऱ्याचदा जुळी देणारी उस्मानाबादी शेळी कोरडवाहू घराला अडीनडीला रोख पैसा देते. अशी शेळी दिवस भरण्याआधी गाभ टाकते, तेव्हा त्या घराचं वर्षाचं गणित मोडतं. गाभ टाकण्याची कारणं अनेक. त्यांतलं एक म्हणजे ब्रुसेल्ला हा जिवाणू.

१८८७ साली माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरांना तो तापाने दगावलेल्या ब्रिटिश सैनिकाच्या प्लीहेत सापडला. ताप येतो कुठून, हे कळायला १९०५ साल उजाडलं. माल्टाचे डॉक्टर थेमिस्टोक्लिस झामिट यांनी धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांचं रक्त तपासलं. शेळ्या चरत होत्या, दूध देत होत्या. पण या जिवाणूशी त्यांची गाठ पडल्याचं रक्त सांगत होतं. पुढच्या वर्षी सैनिकांना शेळीचं दूध देणं बंद झालं आणि ताप झपाट्याने ओसरला.

पुढे ब्रुसेल्ला समुद्रातही सापडला. १९९४ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचे सील व डॉल्फिन आणि कॅलिफोर्नियातल्या एका डॉल्फिनचा पडलेला गर्भ, या दोन्हींत ब्रुसेल्ला मिळाला. २००७ मध्ये या सागरी जिवाणूंना स्वतंत्र नावं मिळाली: देवमासे-डॉल्फिनांतला ब्रुसेल्ला सेटी, सीलमधला ब्रुसेल्ला पिनिपेडियालिस. रक्ताची साक्ष इथंही कामी येते. पण रक्तात प्रतिपिंडे (जिवाणूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) सापडली म्हणजे तो प्राणी आजारी आहेच, असं नाही; जिवाणू कधीतरी अंगात शिरला होता, एवढंच त्यातून कळतं. पट्टेरी डॉल्फिनच्या मेंदूत मात्र हा जिवाणू कधीकधी घर करतो. मग त्या जिवाला धड पोहता येत नाही आणि तो वाळूवर येऊन पडतो.

कोकणच्या किनाऱ्यावर डॉल्फिन लागला की माणसं धावतात, कळवळ्यानं हात लावतात. मेलेल्या जनावराला उघड्या हातानं शिवू नये, हे तिथंही खरं आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूरच्या शेळ्यांच्या वाड्यातही.

२०१९ पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेत चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-वगारींना ब्रुसेल्लाची लस टोचतात. मोहिमेतली ही लस गायी-म्हशींपुरती आहे. म्हणून शेळीवाल्या घरानं पडलेला गाभ आणि वार हातमोजे घालूनच उचलावी, चुना टाकून खोल पुरावी, दूध उकळूनच प्यावं. आणि ताप येत-जात राहिला, सांधे धरले, तर डॉक्टरांना आधी सांगावं, आमच्याकडे शेळ्या आहेत.