पांजणी : विणण्यापूर्वीची विद्या

सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये याने बुऱ्हाणपूरच्या शुभ्र, तलम कापडाची नोंद केली. ते इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जात असे. पण हातमागावरील कसब विणण्यापूर्वीच सुरू होते. तलम धागा फणीच्या घर्षणाने तुटतो. म्हणून ताणा लांब पसरून त्यास खळ लावतात व कुंच्याने धागे सुटे करतात. हीच पांजणी. नंतर एकेक धागा फणीच्या घरातून ओवला जातो. एक चुकला, तर दोष अखेरच्या वारापर्यंत उमटतो. या तयारीत विणकरांच्या घरांतील स्त्रियांचे श्रम मोठे. कीर्ती मात्र विणणाऱ्याची. आज बुऱ्हाणपुरात यंत्रमागांचे राज्य आहे. पांजणी जाणणाऱ्या वृद्धांचे बोल लिहून ठेवणे, हे ग्रंथालयाचेच कार्य होय.