गायकांना न विचारता घडलेलं गाणं



सायमन आणि गारफंकल यांचं ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ हे फोक रॉकमधलं गाजलेलं गाणं. पण ज्या रूपात ते गाजलं, ते रूप त्यांनी दिलेलं नव्हतं. ते दिलं टॉम विल्सन या निर्मात्याने. विल्सनचं ऋण मान्य करायलाच मी आज उभा आहे. त्याने गायकांना विचारलं नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायचं आहे.

पॉल सायमन आणि आर्ट गारफंकल हे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातले शाळासोबती. १९५७ साली ‘टॉम अँड जेरी’ या नावाने त्यांचं एक गाणं थोडंफार चाललं होतं. पुढे विशीतला सायमन न्हाणीघरात दिवा मालवून, नळ सोडून गिटार वाजवत बसे. फरशांवरून सूर घुमून परत येई, ते त्याला आवडे. तिथल्या अंधारात हे गाणं सुरू झालं आणि १९६४च्या सुरुवातीला पुरं झालं. लोक त्याचा संबंध अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येशी जोडतात. सायमनने स्वतः मात्र पुढे सांगितलं, की आपलं म्हणणं कोणी ऐकत नाही असं त्या वयात वाटतं, तेच त्यात उतरलंय.

मार्च १९६४मध्ये ते कोलंबिया या ध्वनिमुद्रण कंपनीत मुद्रित झालं. सोबतीला फक्त गिटार. निर्माता होता विल्सन. ऑक्टोबरमध्ये आलेल्या त्या तबकडीला कोणी विचारलं नाही. जोडी मोडली. सायमन इंग्लंडला जाऊन क्लबांमधून गाऊ लागला, तर गारफंकलने शिक्षणाची वाट धरली.

पण १९६५ साली बोस्टनच्या एका रेडिओ केंद्रावर रात्री हे गाणं लागू लागलं आणि विद्यार्थी ते पुन्हा पुन्हा मागू लागले. फ्लोरिडातूनही अशीच मागणी आली. ही बातमी विल्सनपर्यंत पोचली.

विल्सन टेक्सासमधला कृष्णवर्णीय तरुण, हार्वर्डचा पदवीधर. सन रा आणि सेसिल टेलर यांच्यासारख्यांचा जॅझ त्याने तबकडीवर आणला होता. बॉब डिलनचं ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ही त्याच्याच हाताखाली मुद्रित झालं. त्याच सुमारास ‘द बर्ड्स’ या बँडने डिलनचंच एक गाणं विजेच्या गिटारवर वाजवून पहिल्या क्रमांकावर नेलं होतं. वारा कुठे वाहतोय, हे विल्सनने ओळखलं. त्याने गिटारवादक अल गॉर्गोनी आणि विनी बेल, बेसवादक जो मॅक आणि ड्रमवादक बॉबी ग्रेग यांना बोलावलं आणि जुन्या ध्वनिफितीवर नवं वादन चढवलं.

हे काम किती अवघड होतं, ते समजून घ्या. दोघे मोकळेपणी गायले होते. कुठे लय किंचित पुढे जाते, कुठे मागे रेंगाळते. एरवी वादक आणि गायक एकमेकांना सांभाळून घेतात. इथे गायक ध्वनिफितीत बंद होते. सांभाळून घ्यायचं ते सगळं वादकांनीच. एके ठिकाणी आवाजांना गाठता यावं म्हणून ड्रम आणि बेस चक्क मंदावतात. लंडनमध्ये सायमनच्या शेजारच्या खोलीत राहणारा गायक अॅल स्ट्यूअर्ट सांगतो, की ती जागा पहिल्यांदा ऐकताना सायमन हादरून गेला होता.

सप्टेंबर १९६५मध्ये ही नवी तबकडी बाजारात आली. आपल्या गाण्याला ड्रम लागलेत, याचा सायमनला पत्ताही नव्हता. १ जानेवारी १९६६च्या आठवड्यात गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. जोडी पुन्हा एकत्र आली, घाईघाईने नवा अल्बम झाला. १९६७च्या ‘द ग्रॅज्युएट’ या चित्रपटाने ते घरोघरी नेलं.

आता कोणी म्हणेल, सगळ्यांचं भलंच झालं ना? झालं. विल्सनचा कान नसता, तर ही जोडी कदाचित पुन्हा उभीच राहिली नसती. १९७८मध्ये तो गेला. आज हे गाणं गुणगुणणाऱ्या किती जणांना त्याचं नाव ठाऊक आहे? आपल्याकडेही संगीत संयोजकाच्या वाट्याला हेच येतं, म्हणून मला त्याची जास्त खंत वाटते.

तरीही यश मिळालं म्हणून न विचारणं योग्य ठरत नाही. ध्वनिमुद्रण कंपनीचं होतं, हे कबूल. पण त्यातला श्वास, त्यातली लय गाणाऱ्यांची होती. लंडनला एक पत्र धाडायला कितीसा वेळ लागला असता? गाणं आपटलं असतं, तर दोष मात्र त्यांच्याच माथी आला असता, कारण वेष्टनावर नावं त्यांची होती.

आज संगणकावर कोणाचाही जुना आवाज सुटा करून त्याला नवा ठेका लावता येतो. म्हणून या गोष्टीतून मी दोन आग्रह धरतो. गाण्याला हात लावण्याआधी, ज्याचं गाणं आहे त्याला विचारा. आणि ज्यांच्या हातांनी ते पुन्हा उभं राहिलं, त्या निर्मात्याचं, संयोजकाचं, वादकांचं नाव गायकाच्या नावाशेजारी छापा.