किनाऱ्यावरची शाळा आणि तिचा शेजार



आपल्या अलिबाग-मुरूड पट्ट्यात मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी काही कुटुंबं आता भेटू लागली आहेत. परीक्षेची त्यांना फारशी चिंता नसते, कारण राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची वाट १९८९ पासून मोकळी आहे. अडतं ते सोबतीपाशी. म्हणून चार-सहा घरं आठवड्यातून एक दिवस मुलांना एकत्र घेऊन किनाऱ्यावर, टेकडीवर किंवा वाडीत जातात. हा उपक्रम मला मनापासून आवडतो. पण ही सोबत कोणाकोणाची, हे आपण एकदा नीट ठरवायला हवं.

आपल्याकडचा निसर्ग माणसांनी वावरलेला आहे. खारबंदिस्ती, मिठागरं, नारळ-सुपारीच्या वाड्या यांत पिढ्यांचे कष्ट आहेत, आणि त्यांचं ज्ञान त्या कष्टकऱ्यांकडेच आहे. भरतीचंच पाहा. तिथीची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीनचा सुमार, अष्टमीला सहाचा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचं तर ओहोटी हवी, म्हणजे सहा तास पुढेमागे मोजायचे. शिवाय अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाची ओहोटी खूप खाली उतरते, अष्टमीच्या सुमाराच्या भांगाची तेवढी उतरत नाही. अपूर्णांक, चंद्राच्या कला आणि समुद्र एकाच हिशेबात आले. हा हिशेब कोळीवाड्यातल्या एखाद्या जाणत्या आजोबांनी पुळणीवर बसून समजावला, तर मुलांना गणिताबरोबर एक आजोबाही मिळतात.

शेवळं या रानभाजीचंही तसंच. पहिल्या पावसानंतर ती उगवतात, पण खाजरी असतात, म्हणून काकडाच्या फळांबरोबर शिजवतात. कुठली उपटायची, कुठली ठेवायची, हे कातकरी बाईला विचारावं. आणि ज्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची वेणी कार्ले-खंडाळ्याच्या शेतकरणीशेजारी बसूनच शिकावी.

या वाटेवर आपल्याआधी थोर माणसं चालून गेली आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीच्या किनाऱ्यावर बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी पाड्यावर गेली. मोठी मुलं गुरांमागे जातात, तर शाळा कुरणात भरली. शंख-शिंपले, बिया, पानं हीच साधनं झाली. मात्र त्या शाळेच्या मध्यभागी वारली मूल होतं. निसर्गात शिकवण्याची आपली परंपरा ज्याला शाळा परवडत नव्हती, त्याच्यासाठी सुरू झाली.

म्हणून एक गोष्ट मला अस्वस्थ करते. भातकापणी उरकली की रायगडातली अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलांचं शाळेचं अर्धं वर्ष बुडतं. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला आहे. एकाच तालुक्यात एक मूल आईवडिलांच्या निवडीने शाळेबाहेर आहे आणि दुसरं नाइलाजाने. ही दोन मुलं एकमेकांना भेटणारच नसतील, तर आठवड्याचा आपला दिवस ही फक्त सहल झाली.

यासाठी चार गोष्टी सुचवतो. दिवस आणि जागा ठरलेली असू द्या, म्हणजे गावालाही यायला जमेल. शिकवणाऱ्या कोळ्याला, शेतकरणीला, कातकरी बाईला शिक्षकाचा मान द्या आणि मानधनही द्या. जिल्हा परिषदेच्या शाळेला आणि कातकरी वाडीवरच्या मुलांना बरोबर घ्या. ती खेकडे पकडायला शिकवतील, तुमची मुलं त्यांच्याबरोबर पुस्तकं वाचतील. आणि वर्षातून काही दिवस गावाचं काम करा, मग ते बांधाची डागडुजी असो, लावणी असो वा पुळणीची सफाई.

एकत्र काम केल्याशिवाय माणसं एकमेकांची होत नाहीत. घरी शिकवण्याचं धाडस ज्या पालकांनी केलं, त्यांनी आता घराचं दार गावाकडे उघडावं. आणि गावानेही त्या मुलांना पाहुणी न समजता आपली मानावं. एवढी विनंती करून थांबतो.