पहिलं पुस्तक कुठलं धरायचं?

(अभ्यासिकेतल्या पोरांपुढे केलेलं भाषण)



प्रोग्रॅमिंग शिकायचंय, पुस्तक कुठलं घेऊ, असं तुम्ही विचारलंत. प्रश्न दिसतो साधा. पण चुकीचं पुस्तक हातात पडलं की पोरगं पंधरा दिवसांत गार होतं आणि वर म्हणतं, "आपल्या डोक्यात हे शिरत नाही." डोक्याला कशाला शिव्या घालता? आधी पुस्तक तपासा.

कर्निघन आणि रिची यांचं 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज' घ्या. १९७८ साली निघालं, दुसरी आवृत्ती १९८८ ची. सी ही भाषाच रिचींनी घडवलेली, तेव्हा अधिकार मोठा. कुणीही जाणता माणूस त्याकडेच बोट दाखवतो. आणि प्रस्तावना काय सांगते? हे नवशिक्यांचं पुस्तक नाही. व्हेरिएबल, लूप, फंक्शन ठाऊक आहेत असं धरून चाललोय. बोट दाखवणाऱ्याने प्रस्तावना वाचलेली नसते आणि मार खातो नवशिका. पोथीपुढे हात जोडायची ही खोड कॉम्प्युटरमध्येही घुसलीय, च्यायला! पुस्तक मला फार आवडतं. पण ते दुसरं म्हणून वाचा.

दुसरा खड्डा जुन्या मालाचा. मी शिकलो त्या कॉलेजात सी शिकवायचे टर्बो सीवर. टर्बो सी १९८७ चं. गाइडात वरच कोनिओ डॉट एच, खाली व्हॉइड मेन. १९८९ च्या प्रमाण सीमध्ये कोनिओ नाहीच, आणि मेनच्या आधी इंट लागतो. आज लिनक्सवर ते जसंच्या तसं टाइप करा, कंपायलर कोनिओपाशीच अडतो. पोराला वाटतं आपलंच चुकलं. चूक गाइडाची!

फुटपाथवरून जुनं पुस्तक जरूर घ्या, आपल्या खिशाला तेच परवडतं. फक्त साल बघा. पायथनचं असेल तर 'प्रिंट'पुढे कंस आहे का बघा. नसेल तर ते पायथन दोनचं, आणि त्याची देखभाल १ जानेवारी २०२० ला बंद झाली. पैसेच नसतील तर ॲलन डाउनी यांचं 'थिंक पायथन' आणि अल स्वायगार्ट यांचं 'ऑटोमेट द बोअरिंग स्टफ' इंटरनेटवर फुकट वाचता येतं. चोरून नव्हे, लेखकांनीच खुलं ठेवलंय.

इंग्रजी कच्चं म्हणून कुणी मागे बसलंय का? १९८९ च्या सीमध्ये राखीव शब्द ३२. आजच्या पायथनमध्ये ३५. बस्स. एवढे शब्द कुणालाही पाठ होतील. समजावून सांगणारं इंग्रजी मात्र सोपं हवं. म्हणून दुकानात उभ्याउभ्या लूपचं प्रकरण उघडा, एक पान वाचा. शब्दकोश घेऊनही वाक्य हाती लागणार नाही असं वाटलं तर ठेवून द्या, लेखक कितीही थोर असो. मग प्रकरणाच्या शेवटी बघा, उदाहरणं सोडवायला दिलीत का? प्रोग्रॅम फसला तर पडद्यावर येणारा मजकूर कसा वाचायचा, हे सांगितलंय का? मी याला सगळ्यात जास्त मार्क देतो, कारण पहिला महिना त्या मजकुराशीच झगडण्यात जातो.

आणि 'एकवीस दिवसांत शिका'वाल्यांच्या नादी लागू नका. पीटर नॉर्विग यांनी २००१ साली या मंडळींची टर उडवायला लेख लिहिला, त्याचं नावच 'दहा वर्षांत स्वतः शिका'.

'थिंक पायथन'ची पहिली तीन प्रकरणं मी छापून आणलीत. चौघांत एक प्रत. पुढच्या रविवारी तिसऱ्या प्रकरणातली उदाहरणं करून या, जिथे अडाल तिथे पेन्सिलीने खूण करा. तिथूनच सुरू करू.