गेला प्राणी, राहिलें घर

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे लोणी काळभोर लागतें. या परिसरांत विहीर खणतांना जो काळा कातळ लागतो, तो थिजलेला लाव्हारस आहे. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनवर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले, त्यांचाच हा भाग. त्यांत समुद्रजीवांचे अवशेष कोठून असणार? ते पाहावयाचे तर कच्छकडे जावें लागतें. तेथील जुरासिक काळांतल्या शिंपल्यांवर वेड्यावांकड्या, चुनखडी नळ्या चिकटलेल्या आढळतात. त्या नळ्या म्हणजे सर्प्युला कुळांतील कृमींचीं घरें होत.

या कृमीला हाड नाहीं. मेल्यावर त्याचा मऊ देह कुजून जातो. परंतु जिवंतपणीं तो समुद्राच्या पाण्यांतील चुना घेऊन अंगाभोंवतीं नळी बांधतो. डोक्याशीं असलेल्या पिसांसारख्या तुऱ्यानें तो पाण्यांतील सूक्ष्म अन्न टिपतो आणि संकट येतांच आंत शिरून बुचानें दार लावून घेतो. हजारों नळ्या एकमेकींवर चढल्या म्हणजे त्यांचा खडकच बनतो व त्याच्या फटींत खेकड्यांना आणि लहान माशांना आसरा मिळतो. त्याच नळ्या जहाजाच्या तळाला चिकटल्या, तर त्याची गति मंदावते व जळण अधिक लागतें.

मात्र घरावरून धनी ओळखणें जोखमीचें असतें. फार प्राचीन खडकांतील बारीक, वळसेदार नळ्यांना पुष्कळ काळ ‘स्पायरॉर्बिस’ या हल्लींच्या सागरी कृमीचें नांव दिलें जाई. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या भिंती सूक्ष्मदर्शकाखालीं तपासल्या, तेव्हां त्यांची ठेवण कृमीच्या नळीशीं जुळेना. ते मायक्रोकोंकिड नांवाचे निराळेच, आतां नष्ट झालेले प्राणी ठरले. आणि ते गोड्या पाण्यांतही राहात. म्हणजे एका चुकीच्या नांवामुळें, जेथें समुद्र नव्हता तेथेंही समुद्र होता असें अनुमान निघूं शकलें असतें!

१९७७ सालीं गालापागोस बेटांजवळ खोल समुद्रतळावरील उष्ण झऱ्यांपाशीं नळींत राहणारे मोठे कृमि दिसले. त्यांतील कांहीं दोन मीटरपर्यंत वाढतात. त्यांना तोंड नाहीं, आंतडें नाहीं. शरीरांतील जीवाणु त्यांना अन्न पुरवितात. उरल पर्वतांतील सुमारें ४३ कोटि वर्षांपूर्वींच्या खनिजांतही तशा नळ्या सांपडल्या आहेत. पण त्या कोणाच्या, याविषयीं मतभेद आहेत.

म्हणूनच अशी नळी हातीं आली, कीं सावध अभ्यासक प्रथम तिचा पातळ काप करून भिंत तपासतो. कुळाचें नांव मागाहून लिहितो.